हवा न लागणारी बत्ती

गोठ्यातली जुनी गॅसबत्ती बंद पडली तेव्हा मी म्हटलं, टाका भंगारात. दोन धडधाकट आहेत की अजून. पण आमचा मन्रो ऐकेल तर ना! फुप्फुसं कामातून गेलेली, खाटेवरून उठवत नाही, पण कारभार मात्र सगळा तिथूनच.

"अ‍ॅब्नरकडे दे," तो म्हणाला.

माझ्या हातातलं शिवण तसंच राहिलं. अ‍ॅब्नर आमचा धाकटा. बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर पंथ न सोडण्याचा शब्द दिला, मग तो मोडून शहरात इंग्रजांत जाऊन राहिला. आमच्यात नसेल तो इंग्रज, मग कुठलाही असो. घरात वीज, दारात मोटार हे त्यांचं; आमच्यात ते चालत नाही. तेव्हापासून त्याला वाळीत टाकलाय. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्याला द्यायला मात्र बंदी नाही. एवढ्या वर्षांत मन्रोच्या तोंडून त्याचं नावही निघालं नव्हतं.

"नीट करून त्यानंच आणावी, आणि इथं माझ्यासमोर पेटवावी," मन्रो म्हणाला. "लहानपणी रोज तोच हवा भरायचा. डोकं विसरतं गं सलोमा, हात नाही विसरत. एकदा पंप मारायला लागला की बाकीचं आपोआप होईल."

बाकीचं म्हणजे काय ते मला कळलं. मंडळीसमोर गुडघे टेकून 'चुकलो' म्हटलं की वाळीत टाकणं संपतं. दार उघडं आहे, असं बिशपनेही सांगितलं होतं. मरायच्या आधी मन्रोला पोराच्या मांडीला मांडी लावून एकदा जेवायचं होतं. मलाही दुसरं काय हवं होतं? मी फक्त बोलून दाखवत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी बग्गी जुंपली आणि शहर गाठलं. अ‍ॅब्नरच्या दुकानात जिकडे तिकडे जुन्या गॅसबत्त्या टांगलेल्या. घरात विजेचा लख्ख उजेड असताना हे इंग्रज म्हणे शोभेला बत्त्या लावतात! त्यातल्या चार-पाच पेटलेल्या होत्या, पण सूं म्हणून आवाज एकीचाही नाही. असेल काहीतरी नवी तऱ्हा, असं म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

बत्ती मी त्याच्या हातातच दिली. देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. लागू देत. द्यायला बंदी नाही.

"किती वाळलायस रे! कागद खायला घालतात का तुला हे लोक?"

"आई, आल्या आल्या सुरू झालीस?" तो हसला. मग पंपाचा दांडा ओढून बघितला. "वायसर पार सुकलंय. ही बाबांची ना? त्यांनी पाठवली?"

"त्यांनीच. तू स्वतः आणून दे म्हणालेत."

तो बराच वेळ काच पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. "शनिवारी येतो," तो म्हणाला.

शनिवारी मी नूडल्स केले, बिटाच्या पाण्यात मुरवलेली अंडी काढली. ती त्याच्या आवडीची. दोन टेबलं चार बोटं फट ठेवून मांडली आणि वरून एकच चादर अंथरली. नियम मोडत नाही आणि फटही दिसत नाही. आमच्याकडे सगळ्या आया असंच करतात. मन्रोला उशा लावून खुर्चीत बसवलं. काडेपेटी त्याने मागून घेतली आणि मुठीत धरून बसला.

अ‍ॅब्नर दिवेलागणीला आला. मोटार फाटकाबाहेर ठेवून चालत आला, तेवढी चाड होती. बत्ती त्याने आपल्या बाजूच्या टेबलावर ठेवली. काय चकाकत होती! नवीन होती तेव्हाही कधी इतकी चकाकली नसेल.

"चल, भर हवा," मन्रो म्हणाला.

"हवेची कटकटच नाही आता, बाबा. धूर नाही, वास नाही. तुमच्या छातीला त्रास नको म्हटलं." असं म्हणत त्याने बत्तीच्या बुडातून गुंडाळलेली वायर सोडवली आणि खाली वाकला. आधी खिडकीखाली बघितलं, मग शेगडीमागे.

"काय पडलं का रे?" मी विचारलं.

तो भिंत चाचपत राहिला. त्याच्या हातात वायरीचं टोक होतं, पितळेचे दोन दात असलेलं. ह्याच स्वयंपाकघरात रांगलेला पोरगा माझ्या भिंतीत वीज शोधत होता.

मग त्यालाही कळलं. तो उठून उभा राहिला.

मन्रोच्या ध्यानात अजून येत नव्हतं. "बरं, काढ ती वायर. रॉकेल भर."

"नाही होणार, बाबा. वायरीसाठी टाकीला भोक पाडलंय. आता हवा धरणार नाही ती." अ‍ॅब्नर वायर गुंडाळायला लागला, ती त्याच्याने गुंडाळवेना. "दुकानात सगळ्यांना असंच करतो मी. विचारच केला नाही. हात चालत गेले."

मन्रो त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने काडेपेटी टेबलावर ठेवली.

आम्ही जेवलो. अ‍ॅब्नरने अंडी खाल्ली, चांगली झालीत म्हणाला. मी वाढत राहिले. दुसरं काय करणार? भांडून गेलेलं पोर असतं तर राग निवेपर्यंत वाट बघितली असती. ह्याचा आमच्यावर राग नव्हताच. बापाच्या छातीची काळजी होती त्याला, मायेनं केलं होतं सगळं, आणि तरी आमचं घर कसं असतं ते तो विसरून गेला होता. ह्यावर बिशप तरी काय करणार, डोंबल?

मोटारीचा आवाज लांब गेला. मी भांडी गोळा करत होते.

"सलोमा," मन्रो म्हणाला, "ते दुसरं टेबल गोठ्यात ठेवून ये. आता लागायचं नाही ते."

"सकाळी ठेवते."

"आत्ता ठेव."

मी चादर काढली, बत्ती खाली ठेवली आणि टेबल ओढत बाहेर नेलं.