बिनखोळीचा गंगाराम

आषाढात आमच्या खाचरांवर पाऊस उभा राहिला की शिवारात माणसं दिसत नाहीत, नुसत्या खोळी वाकलेल्या दिसतात. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा, ते टोक डोक्यावर घ्यायचं, बाकीचं पाठीवर सोडायचं, झाली खोळ. आता प्लास्टिकचे कागद आले, तरी लावणीला आमच्या हाताला गोणपाटच लागतं. त्या करड्या, निथळत्या पाठींच्या रांगेत एकच डोकं उघडं असायचं. पांढरं, भिजून चापट झालेलं, कपाळावरची धार भुवईवर अडून नाकाच्या शेंड्यावरून चिखलात सोडणारं. ते गंगारामचं. त्याच्या खाचराला माझं खाचर लागून होतं, म्हणून ती धार मी जन्मभर इतक्या जवळून पाहिली.

लोक हसत. "गंग्या, डोक्यात भात उगवंल रं!" तोही हसे, पण गोणपाटाला हात लावीत नसे. धान्य भरायलासुद्धा पोतं बायको धरी, हा लांबून सुपानं ओती. मळणीत बैलांना मुसकी बांधू देत नसे. बैल दाणे खात, आणि हा त्यांच्या चालत्या जबड्याकडं असा बघत राही, जसा कुणी देवळात दिव्याकडं बघतो.

तरुणपणी तो आखातात पाण्याचा टँकर चालवायला गेला होता. तिथं लढाई पेटली. एका नाक्यावर परक्या फौजेनं गाडी थांबवली, त्याच्या बोलीतला एक शब्द त्यांना कळला नाही, त्यांच्यातला एक याला कळला नाही. डोक्यावर पोतं आलं आणि उजेड संपला. पुढं किती ऋतू गेले ते त्यालाही नीट सांगता येत नसे. पोत्याच्या आत ऋतू कसला? उन्हात उभं करणं होतं, कुत्र्यांचा श्वास पोटरीवर होता, उजव्या कानावरचा एक फटका होता, ज्यानंतर त्या बाजूचं जग कायमचं मिटलं. एक दिवस जसं धरलं तसंच सोडलं. का धरलं ते तेव्हाही सांगितलं नाही, का सोडलं तेही नाही.

परत आला तो देहानं धड होता. पण ठाकुरवाडीच्या घाटात आगगाडी चढताना तिला मागून रेटणारं इंजिन हुंकारलं की याचे तळहात आपोआप वर जात, आणि मग आपलेच हात वर गेलेले पाहून तो केस सावरल्यासारखं करी. घराला दार होतं, ते लागलेलं मी कधी पाहिलं नाही. रस्त्यानं जाताना मी त्याच्या डाव्या बाजूला चाले. सवयच लागली. आज एकटा चालतो तरी उजवीकडं एक माणूस मावेल इतकी वाट सोडतो.

फौजेनं केलं ते त्यानं गिळलं होतं. गावानं केलं ते गिळता येत नव्हतं. पारावर बसून किसन म्हणायचा, "उगाच कोण कुनाला धरतं रं? कायतरी केलंच असंल त्यानं." किसनच्या मनात विष नव्हतं, जिभेला नुसता चाळा होता. पण ते वाक्य उंबऱ्या-उंबऱ्यावरनं फिरलं आणि शेवटी गंगारामच्या चुलीपाशी जाऊन बसलं. मी त्या दिवसापासून किसनशी बोलणं टाकलं. किती वर्षं? विचारू नका. मी टाकलेलं उचलणारा माणूस नाही. गंगाराम मात्र किसनला रामराम करायचा, आणि उत्तर ऐकायला डावा कान किंचित पुढं करायचा. त्या कानाला एकच वाक्य हवं होतं. तू काही केलं नव्हतंस, एवढंच. मी ते कितीदा म्हणालो. पण माझं म्हणणं त्याला घरच्या पाण्यासारखं होतं, तहान गावाची होती.

मागल्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले. नुसता सिनेमा नव्हे. लढाईत विनाकारण डांबलेल्या माणसांना खुर्चीत बसवून बोलतं करायचं, आणि ती जे सांगतील ते नटांकडून तसंच करवून दाखवायचं, असं काही. कर्जतच्या अलीकडं, आमच्या माळावर त्यांनी प्लायवूडचा तुरुंग उभा केला, त्याला सिमेंटचा रंग दिला. गंगाराम खुर्चीत बसून बोलला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पाऊस पडून गेल्यानंतरचं ऊन होतं. मला म्हणाला, "दादा, आता बगतील. बगतील तवा तरी कळंल."

कैदी म्हणून त्यांनी गावचीच माणसं घेतली. किसन पहिल्या रांगेत. गोणपाटं वाटली गेली, आणि बघतो तर काय, सगळ्यांनी कोपऱ्यात कोपरा खुपसून झकास खोळी केल्या, तोंडं उघडी ठेवून लावणीला निघाल्यासारखे उकिडवे बसले! पोतं हातात आलं की दुसरं काय करायचं असतं ते आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं. सिनेमावाली बाई कपाळाला हात लावून हसली. मग तिच्या माणसांनी एकेकाची खोळ सोडवली आणि पोतं पार गळ्यापर्यंत ओढलं. हसणं थांबलं. गंगाराम माझ्या उजव्या अंगाला उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येऊ लागला.

ऊन वर चढलं. ढग आला, ढग गेला, कॅमेरा थांबला, कुणी हलायचं नाही अशी ताकीद. गोणपाटाच्या रांगेतून घामाचा आणि तागाचा वास येत होता. तेवढ्यात पहिल्या पोत्यातून किसनचा आवाज आला, "ओ बाई, मी काय केलंय त्ये तरी सांगा!"

सगळी पोती गदगदा हसली.

बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून गंगाराम आत गेला. त्याला कुणी अडवलं नाही. त्याच्या चालण्यात अडवण्यासारखं काही नव्हतं, धुक्यातून माणूस घराकडं येतो तसा तो चालला. किसनसमोर उकिडवा बसला. दोन्ही हातांनी, बाळाच्या अंगावरची दुलई काढावी तसं त्यानं ते पोतं वर उचललं. आखातातनं आल्यापासून पहिल्यांदा त्यानं गोणपाटाला हात लावला होता. आतून किसनचा लाल, घामेजलेला, डोळे मिचकावणारा चेहरा निघाला.

"काय नाय केलंस," गंगाराम म्हणाला. "ऊठ."

मग दुसऱ्याचं पोतं. "तूबी काय नाय केलंस. ऊठ." मग तिसऱ्याचं. अख्खी रांग उघडी झाली तेव्हा माळावर वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं. किसनचा ओठ दोनदा हलला, पण जो चाळा त्याच्या जिभेचा उभ्या जन्मात सुटला नाही, तो नेमका त्या क्षणी सुटला. गंगाराम थोडा वेळ थांबला, कान पुढं करून. मग घरी गेला.

आणि या आषाढात, लावणी अर्ध्यावर असताना, तोही गेला. सरणापाशी सर उतरली. कुणीतरी भाबडेपणानं त्याच्या तोंडावर गोणपाट टाकायला पुढं झालं. किसननं ते हातातून हिसकून फेकलं. "तोंड झाकू नका त्याचं. भिजू द्या." मग तो वाकला, त्या ओल्या पांढऱ्या डोक्याशी, उजवीकडं. तो काय सांगायला वाकलाय ते मला कळलं, आणि इतक्या वर्षांचं टाकलेलं बोलणं माझ्या घशात आपणहून वर आलं.

"किसना, डाव्या कानात सांग रं. उजव्यानं त्याला ऐकू येत नाय."

किसन सरणाला वळसा घालून आला. सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, साऱ्यांना ऐकू जाईल असं.

तो सिनेमा परवा नातीच्या मोबाइलवर पाहिला. माळ आहे, भिंती आहेत, पोत्यांची रांग आहे, खुर्चीतला गंगाराम हळू आवाजात बोलतो आहे. पोती उचलली ते मात्र त्यात नाही. तेवढं त्यांनी काढून टाकलंय, त्यांच्या हिशेबी ती चूक होती. मी राग धरला नाही. पोतं पडलं ते त्यांनी ठेवावं, उचललं ते आम्ही ठेवू. काल खाचरात मी खोळ डोक्यावरून मागं सारली आणि पाऊस कपाळावर घेतला. शेजारच्या बांधावर कुणी नव्हतं, तरी ती धार ओळखीची वाटली. माणूस गेल्यावर काळ त्याच्यावर हळूहळू एक जाडंभरडं वस्त्र ओढत नेतो, आणि मागं राहिलेल्याचं काम उरतं ते एवढंच, की जिवंत आहोत तोवर त्याचं तोंड उघडं ठेवायचं.