हिराकसाची गोळी

आमच्या जावयाची एक खोड मला लग्नाच्या मांडवापासून खुपत होती. बोलायची गोष्ट हा माणूस बोलत नाही, लिहून देतो. मांडवात वरणात मीठ जास्त झालं होतं, तर तसं म्हणावं ना कोणाला? नाही. खिशातून पेन काढला, पत्रिकेच्या मागे दोन ओळी लिहिल्या आणि कागद आत पाठवला. आम्ही बायका चुलीपाशी तो उलटसुलट करत बसलो. आम्हाला वाटलं, मानपानाची यादी आली.

रोहितराव त्यांचं नाव. घर अमरावतीत राजापेठेला, नोकरी अकोल्याला, सरकारच्या आरोग्य खात्यात. काम काय, तर कागद लिहिणं. दवाखान्याच्या भिंतीवर जे चिकटवतात, नर्सबाई घरोघरी जे वाटतात, ते. म्हणजे खोडीचीच नोकरी लागली.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात सरकारी कागदांना तोटा नव्हता. कापसाचं पार वाटोळं झालेलं, शेतकरी गळफास घेत होते. गावात जीप शिरली की लोक आधी विचारत, "कोनाच्या घरी?" आणि जीपमधले साहेब जाताना हातात एक कागद देऊन जात. खताचा कागद, गाईचा कागद, मनावर ताण येऊ देऊ नका असा कागद. आम्ही माळी. घराला लागूनच आमचं वावर, त्यात शेवंती, झेंडू, वांगी, आणि विहिरीच्या अंगाला संत्र्याची चाळीस झाडं. कागद आम्हालाही मिळत. मी तिसरी शिकलेली, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. घाई करत नाही आणि दुसऱ्यानं केलेली खपवून घेत नाही.

वर्षाली माझी धाकटी. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात तिला माहेरी आणली. पोहोचवायला रोहितराव आले. लाल गोळ्यांची पाकिटं आणि घडी घातलेला एक कागद त्यांनी खाटेवर ठेवला.

"आई, यात सगळं सविस्तर आहे," म्हणाले, चहा प्याले आणि गाडीला गेले.

कागद त्यांनीच लिहिलेला. 'गर्भवती मातांनी लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करावे. सेवनकाळात पचनसंस्थेत काही तात्कालिक व निरुपद्रवी बदल संभवतात.' एवढं वाचायला मला अर्धी दुपार लागली, आणि त्यातला उपद्रव तेवढा कळला. खाली लिहिलं होतं, गोळीत फेरस सल्फेट असतं.

हा शब्द मी ओळखला. आमच्या दाराच्या आतल्या अंगाला शेतीवाल्यांचा कागद चिकटवलेला होता, संत्र्याचा. 'झाडाची पाने पिवळी पडली तर हिराकस द्या. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. फवारताना तोंडाला फडके बांधा. लेकरांचा हात लागू देऊ नका.' बघा, कसा नीट लिहिला होता. कोण्या शेतकऱ्याच्या पोरानं लिहिला असावा. मी जावयाचा कागद त्याच्या बाजूला धरला आणि अक्षर अक्षर जुळवलं. फे ला फे, र ला र. तोच जिन्नस.

हिराकस मला कोणी शिकवायला नको. माझी आजी हिरडा आणि हिराकस कालवून काळा रंग करायची. त्याचा डाग लुगडं फाटेपर्यंत जात नसे. आणि ते माझ्या दोन जिवांच्या पोरीनं रोज गिळायचं?

तरी तीन दिवस मी तिला गोळी घेऊ दिली. म्हटलं, शिकलेला माणूस आहे. चौथ्या दिवशी वर्षाली मागच्या दारी माझ्या कानाशी लागली.

"आई, परसाकडे काळं होऊन राह्यलं. डांबरावानी."

"कवापासून?"

"गोळ्या घेतल्यापासून."

"आजपासून बंद."

"पन ते इचारतीन ना."

"इचारू दे. कागद त्याइचा, पोरगी माही."

आमच्या घरात काही वाया जात नाही. शेवंतीचा एक वाफा पिवळा पडला होता. मी गोळ्या बादलीत विरघळवल्या आणि त्याला घातल्या. पंधरा दिवसांत नवा पाला हिरवा निघाला. माझी खात्री आणखीच पक्की झाली. झाडाचं औषध होतं, झाडाला लागू पडलं.

रोहितराव एक रविवार सोडून यायचे, नवी पाकिटं घेऊन.

"गोळ्या संपल्या का?"

"संपल्या," मी सांगायची. खोटं नव्हतं ते.

महिना भरला. उपकेंद्राच्या वच्छला सिस्टर आल्या, वर्षालीचं बोट टोचलं, नळीत रक्त घेतलं, उजेडाला धरलं. पुन्हा धरलं.

"आली तवा रगत नऊ होतं, माणिकबाई. आता साडेसात हाये. आनखी खाली गेलं त बाळंतपनात वाटीभर रगत गेलेलं बी हिले झेपनार नाही. गोळ्या घेतं ना व बाई?"

वर्षालीनं माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. मी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

माझी धाकटी जाऊ बाळंतपणात अशीच गेली होती. पोर राहिलं, ती राहिली नाही. सिस्टर येऊन गेल्या त्या दिवसापासून मी वर्षालीला पालक, गूळ, शेंगदाणे, काय काय खाऊ घातलं. पण दोन पायऱ्या चढली तरी पोरीला धाप लागायची.

सिस्टरनं अकोल्याला फोन केला असावा. बुधवारीच रोहितराव दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही. खुर्चीवर बसले, उठले, परत बसले.

आता आमच्यात जावयापुढे सासू बसत नाही. डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि पोटाखालची गोष्ट दोघांत निघत नाही. मी दाराआड उभी.

"आई, त्या गोळ्यांनी वर्षालीला काही… म्हणजे काही बदल जाणवला का?"

"कायचा बदल?"

"पचनसंस्थेचा."

"ते कोठी असते?"

कान लाल झाले त्यांचे. खिशात हात गेला, पेन बाहेर आला. कागदाचा चिटोरा मांडीवर ठेवून लिहायला लागले.

"ठेवा तो पेन," मी म्हटलं. "मी वाचत नाही आता. माही पोरगी पांढरी पडून राह्यली अन् तुमी लिहून राह्यले! काय सांगाचं ते तोंडानं सांगा."

"आई, तुमच्यासमोर कसं बोलू?"

"मंग माह्यासमोर नका बोलू. तिकडे तोंड करा."

तो भला माणूस खरंच उठला. अंगणात गेला, माझ्याकडे पाठ केली, संत्र्याच्या झाडांकडे तोंड केलं, आणि भाषणाला उभा राहिल्यासारखा मोठ्यानं म्हणाला, "या गोळीनं संडास काळी होते! होणारच! ते रक्त नाही, विष नाही, काही नाही! अंगात लागतं तेवढं लोह अंग घेतं, उरलेलं काळं होऊन बाहेर पडतं!"

शेजारची मनकर्णाबाई कुंपणापलीकडे वांगी तोडत होती. ती टोपलीसकट उभी राहिली.

"काय म्हन्ता, जावईबापू? खरं सांगून राह्यले का?"

"खरं, मावशी."

"अवं माय! माह्या सुनेले बी तसंच झालं. म्या बी गोळ्या बंद केल्या तिच्या! डब्यात पडून हायेत."

"सुरू करा. आजपासूनच."

"करतो ना बापा. पन हे त त्या कागदात नोहोतं!"

रोहितराव तसेच झाडांकडे तोंड करून उभे राहिले.

मी म्हटलं, "ते झालं. अन् हिराकस? ते काहून चारता माह्या पोरीले?"

आता ते वळले. हिराकस मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दाराचा कागद दाखवला, तो त्यांनी उभ्यानंच दोनदा वाचला.

"आई, जिन्नस तोच. पण झाडाला मुठीनं देतात, तो बाजारचा, मळकट. गोळीतला शुद्ध केलेला, नि कणभर. झाडाचं पान पिवळं का पडतं?"

"हिराकस कमी पडते म्हनून."

"वर्षालीचंही तेच आहे."

मी वर्षालीला उजेडात आणलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. चाळीस झाडांची पानं मी रोज उलटून पाहते. कोणतं झाड भुकेलं आहे ते मला दुरून कळतं. पोटच्या पोरीचं मला कळलं नाही, आणि हे जावयासमोर उघडं पडलं.

"गोळ्या शेवंतीले घातल्या," मी सांगून टाकलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी मग विचारलं, "शेवंती कशी आहे?"

"हिरवीगार."

वर्षाली आधी हसली. मग ते. मी हसले नाही, पण पदर थोडा तोंडापुढे घेतला.

त्या दिवसापासून गोळी मी माझ्या हातानं दिली. सिस्टरनं सांगितलं तशी दोन वेळा, लिंबाच्या पाण्यासोबत, आणि गोळीवर तासभर चहा बंद. वर्षाली परसाकडून आली की मी मोठ्यानं विचारायची, "काळी का?" "काळी!" "शाब्बास!" तिचे बाबा ओसरीवर कपाळाला हात लावायचे.

पाच आठवड्यांनी सिस्टरनं पुन्हा बोट टोचलं. नळी उजेडाला धरली तेव्हा मीही त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. "नऊच्या वर आलं, माणिकबाई. बाळंतपन अमरावतीलेच करा, मोठ्या दवाखान्यात. पन आता मले धाक नाही." मनकर्णाच्या सुनेचंही वाढलं होतं. ते मनकर्णानं कुंपणावरून ओरडून सांगितलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

त्याच रविवारी रोहितराव आले, पिशवीत नवा छापलेला कागद. वरून हुकूम सुटला होता म्हणे, 'सुबोध लोकभाषेत जनप्रबोधनपर साहित्यनिर्मिती करणेबाबत'. तो हुकूम काय म्हणतो हे मला त्यांना दोनदा विचारावं लागलं. सोपं लिहा, एवढंच म्हणत होता. त्यांच्या साहेबांनी 'संडास' हा एक शब्द खोडून 'शौच' केलं होतं. "मी म्हटलं, साहेब, हा शब्द सासूबाईंना ऐकवून झाला आहे, आता राहू द्या." राहिला.

मी कागद घेतला आणि बोट ठेवलं. 'या गोळीने संडास काळी होते. होऊ द्या. ते रक्त नाही, विष नाही. गोळी बंद करू नका. गोळीवर लगेच चहा पिऊ नका. घरातल्या मोठ्या बाईला हे आधी वाचून दाखवा.' बोट कुठे अडलं नाही.

"कसा आहे, आई?" त्यांनी विचारलं. वर्षाली खाटेवर टेकून आमच्याकडे पाहत होती.

"कागद चांगला हाये," मी म्हटलं. "आता तुमचं सांगतो, ते ऐका. मले ठावूक नोहोतं, अन् तरी माह्या हेक्यानं म्या गोळ्या बंद केल्या. तो गुन्हा माहा, पोरीसमोर कबूल करतो. पन तुमाले ठावूक होतं, जावईबापू. सारं ठावूक होतं, अन् महिनाभर तुमी लाजत बसले. ह्या पोरीचं रगत आपन दोघायनं सारखंच आटवलं. फरक येवढाच, का तुमाले बोलाचा पगार भेटते."