लाल संपलाय

"अरे धाकू, बंगालचे लोक पायी येतायत. तू आगबोट काय काढलीस?" दाजींनी कपाळाला हात लावला.

दाजी आमच्या भाईंदरच्या मंडळाचे चिटणीस. एकाहत्तर साली पूर्व बंगालातून येणाऱ्या निर्वासितांसाठी जुने कपडे गोळा करायचे, म्हणून आमच्या ह्यांना पत्र्याचा मोठा बोर्ड रंगवायला दिला होता. हे उत्तनला होड्यांवर नावं रंगवणारे. निर्वासित म्हटलं की ह्यांना आगबोटच दिसायची.

नवरा माझा गरीब स्वभावाचा. बोट पुसली, रस्ता काढला. पण ट्रंकेशेजारी उभी केलेली पोर काही पुसली नाही.

"राहू दे ही," दाजी म्हणाले. "झकास जमलीय."

जमणारच. ती सुलू होती.

सत्तेचाळीस साली कराची सोडली तेव्हा हे बारा वर्षांचे, सुलू सहा वर्षांची. "ट्रंकेजवळ उभी राहा, हलू नको," असं बहिणीला बजावून हे आजारी आईला बोटीवर चढवायला गेले. मागून लोंढा आला, खलाशांनी शिडी ओढून घेतली आणि हे बोटीवरच अडकले. सुलू हलली नाही. सांगितलेलं ऐकणारी पोर होती हो.

तिचा एकही फोटो नाही. चोवीस वर्षं हे तिचा चेहरा आठवत होते आणि दर वर्षी थोडा थोडा विसरत होते. त्या बोर्डावर मात्र तो अचानक आला. रोज संध्याकाळी उत्तनहून येताना हे तिथं सायकल थांबवायचे.

"नणंदबाई बऱ्या आहेत ना?" मी विचारायची. हे हसायचे.

डिसेंबरात लढाई लागली. एका सकाळी बातमी आली, आपल्या आरमारानं कराची बंदर पेटवलं. गल्लीत पेढे वाटले. मीही हात पुढे केला, खोटं कशाला बोलू. ह्यांनी पेढा घेतला आणि तसाच खिडकीत ठेवला.

"असली तर तीस वर्षांची असेल," एवढंच म्हणाले. माझ्या तोंडातला पेढा कडू झाला.

लढाई जिंकल्यावर दाजी घरी आले. "धाकू, त्याच बोर्डावर आता कराचीची आग काढ. रविवारी सभा आहे. ते बंदर इथं तुझ्याशिवाय कुणी बघितलंय?"

"आणि ती पोर?"

"निर्वासितांचं झालं आता. मार पांढरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन बोर्डाकडे गेले. ह्यांनी रस्ता पुसून समुद्र काढला होता, धक्का, तेलाच्या टाक्या, सगळं. ट्रंकेजवळ सुलू तशीच उभी.

दाजी आले. "आग कुठाय?"

"लाल संपलाय, दाजी."

अल्फान्सोच्या होडीसाठी आणलेला लाल रंगाचा डबा घरी खाटेखाली होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मी लगबगीनं घरी जाऊन तो तांदळाच्या पिंपामागे सरकवला.

शनिवारी दाजींनी वसईहून पेंटर आणला. त्याच्याकडे लाल भरपूर होता. तो टाक्यांपासून आग काढत धक्क्याकडे येऊ लागला. मी ह्यांचा हात धरला. "चला घरी. कशाला बघताय?"

"तू जा," हे म्हणाले. "या खेपेला मी तिच्याआधी निघणार नाही."

मी कुठली जाते. तिचा चेहरा झाकला जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.