थोपटलेली पावलं

आठ हजार नऊशे बारा. मनगटावरच्या पावलं मोजणाऱ्या काळ्या पट्ट्यावर हिरवे आकडे, मुगाच्या दाण्याएवढे. हात खाली गेला की ते विझत, वर आला की पुन्हा पेटत – खाली लेकीची पाठ होती, वर काहीच नव्हतं. नऊशे तेरा. नऊशे चौदा. दुपारचे अडीच. ओढलेल्या पडद्याच्या फटीतून उन्हाची एक चिंधी गादीवरून सरकत सरकत लेकीच्या टाचेपर्यंत आली होती. लेक झोपून बराच वेळ झाला होता. गालात धरून ठेवलेला शेवटचा घासही तिनं केव्हाच गिळला होता – या घास साठवण्यावरूनच घरात सगळे तिला खार म्हणत – आणि तरीही आई थोपटतच होती.

हा शोध तिला दोन महिन्यांपूर्वी लागला. खारीला ताप होता, दिवसभर दाराबाहेर पाऊल पडलं नव्हतं आणि संध्याकाळी पट्टा सांगत होता, सहा हजार. पट्ट्याला काय, हात हलला की पाऊल पडलं! तेव्हा ती एकटीच हसली होती. नवऱ्याला गंमत म्हणून सांगायचंही ठरवलं होतं... पण तो आला तो चपला काढायच्या आधी तिचं मनगट धरून म्हणाला, "घरात तापानं फणफणलेली पोर, आणि सहा हजार? मानलं बुवा तुला!" आणि कौतुक एकदा घशाखाली उतरलं की ते परत बाहेर कसं काढायचं? दुसऱ्या दिवशी तिनं दहा मिनिटं जास्त थोपटलं.

"आमच्या वेळी पावलं मोजायला सवड कुणाला होती?" सासूबाई म्हणत. "पायाचे तुकडे पडायचे नुसते. आणि साखरबिखर काही नव्हती हो कुणाला!"

नव्हती कशी? तिच्या आईला होती. आईच्या टाचेवरची जखम वर्षभर ओली राहिली होती, आणि आई त्या टाचेवर स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांच्या ताटातलं उरलंसुरलं खात होती, टाकवत नाही म्हणून. गोळ्यांची पट्टी डब्यामागे, तिच्यातल्या निम्म्या गोळ्या तशाच. आई गेली त्रेचाळिसाव्या वर्षी. ती तेव्हा सोळाची. आता ती एकतीस. त्रेचाळिसातून एकतीस गेले, बारा. खार साडेतीन, अधिक बारा, साडेपंधरा... ही वजाबाकी ती रोज करते, दात घासताना, दुधाखालचा गॅस बारीक करताना, आणि उत्तर दर वेळी तेच येतं तरी पुन्हा करते.

म्हणून तर तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या अहवालावर बोट ठेवून "काठावर आहात" म्हटल्याबरोबर तिनं नवी वही आणली होती. पाणी, चालणं, झोप, जेवण. रेघा पट्टीनं मारलेल्या, रकाने सरळ. खारीच्या जन्माआधी ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. तिथला नियमच होता, रजिस्टरमध्ये नोंद नाही ते पुस्तक बाहेर गेलेलंच नाही.

नऊ हजार चाळीस. आज संध्याकाळी पाच वाजता अहवाल.

"आई."

हात थांबला. खारीचे डोळे मिटलेलेच होते, पण कपाळावर आठी.

"काय गं बाळा? झोप."

"मी झोपले होते ना."

"हो... झोप हं."

"मग का मारतेस?"

कूस बदलून खारीनं तोंड भिंतीकडे केलं. फ्रॉक वर सरकला होता, आणि पाठीच्या मधोमध तळव्याएवढा भाग लालसर दिसत होता – गादीचा वळ असेल. उकाड्यानंही होतं तसं. असेल... तिनं फ्रॉक खाली ओढला.

स्वयंपाकघरात खारीची ताटली तशीच होती. चार घास भात, अर्धं बिस्कीट, चिवडलेला बटाटा. ओट्याशी उभ्या उभ्या तिनं तो भात तोंडात टाकला, मग बटाटा, मग बिस्कीट, आणि नळ सोडून ताटली धुऊन टाकली. हे काही वहीत नसतं. हे जेवण नव्हेच, ही आवराआवर. नळ बंद करताना लक्षात आलं, आपण एका टाचेवर भार देऊन उभ्या आहोत. आईसारख्या. तिनं घाईघाईनं दुसरा पाय टेकला.

पाच वाजता दवाखान्यातल्या बाकावर खार मधे बसली, पेंगत, किरकिरत. नवऱ्यानं वही मांडीवर धरली होती, शाळेत पोराचं प्रगतिपुस्तक दाखवायला आणावं तशी. आत गेल्यावर त्यानंच ती टेबलावर उघडली. "एक दिवस चुकवला नाही हिनं, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. पानं उलटली. मग अहवाल पाहिला, मग पुन्हा वही.

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "पण रक्ताला वाचता येत नाही. वाढलीय साखर. एवढं चालून वाढत नाही सहसा. काही राहतंय का लिहायचं?"

आता. आता सांगावं. ओठ सुटलेसुद्धा – पावलं पायाची नाहीत, ताटलीतलं मी... आणि शेजारी नवऱ्याचा तो चेहरा, तिच्या वतीनं दुखावलेला, "हिच्या घराण्यातच आहे ना, डॉक्टर, ही तरी काय करणार?" म्हणणारा. आईच्या माथी मारायला तो किती सहज तयार झाला! आणि तिनं – तिनं मान हलवली. हो, आईला होती. वर्षानुवर्षं उष्टं खाऊन आपल्यासाठी उभी राहिलेली बाई मेल्यावरही पुन्हा एकदा आपल्याच कामी आली.

"मग गोळी सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत खारीचा सूर टिपेला पोचला होता. दुपारची झोप मोडलेली, जेवायला अजून अवकाश. "दोन मिनिटं निजव तिला," नवरा बाहेरून म्हणाला, आणि मग जरा हळू, समजूत काढावी तशा आवाजात, "आणि मनाला लावून घेऊ नकोस गं. आज किती झाली?"

तिनं मनगटाकडे पाहिलं. नऊ हजार सहाशे. "होतील," ती म्हणाली.

पट्टा काढून तिनं उशीखाली सारला. मनगटावर त्याचा पांढरा वळ, घामेजलेला. खारीच्या पाठीवर हात ठेवला, उचलला –

"थोपटू नको," खार म्हणाली. "नुसता ठेव."

नुसता. तिनं ठेवला. तळव्याखाली श्वास येत होता, जात होता, एवढंच. पण खांद्यापासून काहीतरी ओढ घेत होतं; हात उठायला बघत होता, बोटं आपली आपण टपटपायला बघत होती, आणि ती त्यांना दाबून धरत होती, आणि तिला कळेना की इतक्या महिन्यांत आपण असा एकदा तरी ठेवला होता का हात... आईचा हात आठवायचा तिनं प्रयत्न केला. जड होता. निजवता निजवता आईच आधी झोपून जायची आणि तो हात पाठीवर तसाच पडून राहायचा, काही न करता, आणि आपण त्याच्या वजनाखाली हलतसुद्धा नसू, ती जागी होईल म्हणून.

खारीचा श्वास लांबला. झोपली. आता उठायला हरकत नव्हती. उशीखालून हिरवा उजेड एकदा लुकलुकला, खारीच्या डोक्याच्या हालचालीनं असेल, आणि पट्ट्यानं तेही पाऊल म्हणून मोजलं.

ती हलली नाही. त्रेचाळिसातून एकतीस, तिनं सुरू केलं, आणि पहिल्यांदाच पुढचा आकडा आठवेना.