भुईवर घेतलेला माणूस

सकाळी सव्वासात वाजता सदूला खाटेवरून उतरवून माजघरात भुईवर घेतलं. नुकती शेणाने सारवलेली ओली जमीन, वर एक चटई, तोंडात तुळशीचं पान. वाडीतल्या सगळ्यांत जुन्या आनंदीबाईंनी सांगितलं, तसं झालं. आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सुजय मोठ्या इस्पितळाचे कागद वाचून एवढंच म्हणाले होते, "आता घरी न्या."

या वाक्याचा अर्थ वाडीत कुणाला विचारावा लागत नाही. मुंबईहून मुलगा रितेश आला, मागून गाडी भरून भावकी आली. पुरुषांनी लाकडं फोडून अंगणात रचली.

सदू मेला नाही. संध्याकाळी त्याने पेज मागितली.

भावकीची रजा संपली, ती गेली. रितेश तेवढा राहिला. लाकडं राहिली. कॅन्सर हाडात उतरला होता. कूस बदलली की सदू ओरडे, आणि तो आवाज खालच्या मळ्यात भात कापणाऱ्यांना ऐकू जाई. त्यांनी मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायला सुरुवात केली.

"आनंदीकाकू, ह्यांना परत खाटेवर घेऊया. गार भुई हाडाला लागते," सदूची बायको मैना म्हणाली.

"खुळी झालीस काय गो मैने? भुईवर घेतलेला माणूस वर घेत नाय कोण. घराला वाईट."

"मग काय असाच वरडत ठेवू?"

"आज ना उद्या सुटंल."

"ता तुमी रोजच सांगताव."

शेवटी रितेश मोटारसायकल घेऊन गेला आणि डॉक्टरांना मागे बसवून घेऊन आला. वाडीच्या वरचा कातळाचा सडा पायी उतरून येताना त्यांच्या बुटांना तांबडी माती लागली होती. बूट बाहेर काढून ते आत आले आणि दारातच थांबले.

"यांना जमिनीवर का झोपवलंय?"

मैनेने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीच बोललात ना, घरी न्या."

"म्हणजे घरी नेऊन काळजी घ्या, असं म्हणायचं होतं मला."

"मग तसा बोलायचात. आमच्यात घरी न्या म्हणजे भुईवर घ्या. किती दिस हायत, ता तरी सांगायचात."

"नेमकं नाही सांगता येत. आठवडे... कदाचित महिने."

"महिने?" रितेशने अंगणातल्या लाकडांकडे बघितलं.

सदू कण्हला. मैना त्याच्या डोक्याशी बसली. "दुखायचा काय औषध हाय की नाय? तुमच्या त्या पांढऱ्या गोळ्यांनी ढिम्म होत नाय."

डॉक्टर म्हणाले, "एक असतं. मॉर्फिन. आमच्या दवाखान्यात नाही. खरं सांगायचं तर मी कधी कुणाला दिलेलं नाही. पुस्तकात पानभर होतं, तेवढंच. शिवाय त्याची सवय लागते."

मैना हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

"लागू दे की डॉक्टर. सवय लागायला तरी वरीसभर जगतील."

डॉक्टरांनी वाकून चटईखालची गार भुई हाताने चाचपली. मग म्हणाले, "आधी यांना खाटेवर घ्या. मी सांगतो म्हणून."

"तुमी सांगितलात म्हणून तर खाली घेतलाव," आनंदीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "आता वर घ्या म्हणताव. माणूस हाय की भाताचा भारा?"

मैना उठली. "काकू, घराला व्हायचा ता वाईट झाला. रितेश, पाय धर. डॉक्टर, तुमी कमरंत हात घाला. उभे काय राहिलाव?"

तिघांनी उचललं. सदूने किंकाळी फोडली, ती मळ्यापर्यंत गेली असावी, कारण खाली गाणं बंद पडलं. गादीला पाठ लागली तशी त्याने डोळे उघडले.

"मेलंव काय गो मी?"

"नाय. वर घेतलाव तुमाला."

"मग लाकडांवर ताडपत्री घाल. आभाळ भरलंय. भिजतील."

रितेशने ताडपत्री घातली. आनंदीबाई पदर खोचून निघून गेल्या. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

डॉक्टरांनी वरच्या कचेरीत मॉर्फिनची मागणी केली. काल त्यांचा फोन आला. गोळ्या आहेत, पण त्या द्यायला प्रशिक्षण झालेला डॉक्टर लागतो. त्यांनी प्रशिक्षणासाठी स्वतःचं नाव दिलं आहे. प्रशिक्षण कधी होणार, ते वरून अजून कळलेलं नाही.