रंगाचा फोटो

धाकट्या गझालाचं लग्न बोरी अरब गावी जमलं की हजराबीच्या पदरात बरंच पडणार होतं. अब्रारसारखा भरल्या दुकानाचा जावई, आर्णीच्या बायकांत वरची जागा, आणि थोरली नाहिद सोडचिठ्ठी घेऊन घरी आल्यापासून ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्याला एकदाचं उत्तर. सगळं मंगनीवर, म्हणजे साखरपुड्यावर, अडलं होतं, आणि नेमकी त्याच महिन्यात नाहिदच्या छातीत ओढ लागली.

यवतमाळला स्तनाचा एक्स-रे काढला. डॉक्टर दीपमालाबाईंनी तो उजेडावर धरला. सगळं पांढरंफटक.

"म्हणजे साफ आहे," हजराबी म्हणाली.

"साफ नाही, मावशी. दिसत नाही. हिची छाती भरीव आहे. ती पांढरी उमटते अन् गाठही पांढरीच. कापसाच्या गंजीवर पांढरं मांजर बसलं तर दिसेल का? नागपूरला शिरेतून रंगासारखं औषध देऊन हाच फोटो पुन्हा काढतात. गाठ असली तर ते औषध ओढून घेते अन् उठून दिसते. याच महिन्यात जा."

हजराबीनं त्याला तिथल्या तिथं नाव देऊन टाकलं, रंगाचा फोटो.

"अम्मी, कवा जायचं?" नाहिदनं बसस्टँडवर विचारलं.

"मंगनी होऊ दे. तवर सुईची बात काढू नको. बोरीवाले म्हणतीन, एकीले आहे तं दुसरीले बी होईन."

माहेरी राहणाऱ्या लेकीला गप्प बसायची सवय दोन वेळच्या जेवणासोबत आपोआप लागते.

पण दवाखान्यात कोणीतरी पाहिलंच होतं. मंगनीत बायकांची कुजबुज सुरू झाली, तशी हजराबीनं कपाटातून तो पांढरा फोटो काढला आणि मिठाईच्या ताटावरून विहिणीपुढं धरला.

"पाहून घ्या. डाग नाही कुठं."

विहिणीनं जरा जास्तच वेळ पाहिला. मग पेढा तोंडात टाकला.

मंगनीमागून लग्न आलं, लग्नामागून रमजान. शेवटी मायलेकी नागपूरला गेल्या तेव्हा रंगाच्या फोटोत गाठ लख्ख उठली. पुढच्या तपासण्यांत कळलं, ती काखेतही पोचली होती.

विहीण भेटायला आली. नाहिद आत पडून होती, केस गेलेल्या डोक्याला ओढणी. विहिणीनं आवाज उतरवला.

"मले बी झालती. साध्या फोटोत काहीच नव्हतं. रंगाच्यात सापडली, लहान होती, निघून गेली. तुम्ही फोटो दाखवला तवाच मले शंका आलती."

"मग बोलल्या काहून नाही?"

"बोलले असते, तं पोरगी देल्ली असती तुम्ही?"

हजराबीनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

हजराबीला जावई मिळाला, विहिणीला सून, गझालाला घर. दोन्हीकडच्या इज्जतीचा टवकाही उडाला नाही. सगळ्यांचं मिळून देणं एकट्या नाहिदनं भरलं.