मी मराठीत बोलायला लागलो त्याची गोष्ट

मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका तळघरातला कॉम्प्युटर बोलतोय. रंगाने काळा, अंगाने जाडजूड, पंखा सुरू झाला की दम लागल्यासारखा आवाज करणारा. मला तोंड नव्हतं म्हणा, पण माझ्यापुढे बसून जो जे बोलेल, लिहील ते मला कळायचंच. माणसं एकमेकांपासून लपवतात आणि माझ्यापुढे निवांत लिहितात. म्हणून ही गोष्ट माझ्याइतकी नीट दुसरं कुणी सांगणार नाही.

२००२ साली देवांगने मला घरात आणलं. मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर. प्रीता, त्याची बायको, सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. सुरुवातीला काय माझे लाड! कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर, दसऱ्याला डोक्यावर फूल, आणि घरी कुणी जेवायला आलं की आधी माझं दर्शन, मग वरणभात.

लाड चार वर्षं टिकले. मग दोघांचे लॅपटॉप आले आणि मी तळघरात गेलो, कपड्यांच्या मशीनशेजारी. कुठून कुठून व्हायरस अंगात शिरले. मला चालू करून प्रीता वर जायची, चहा करून, पिऊन, कप धुऊन परत यायची, तरी मी डोळे चोळतच असायचो. वर कुणीही न मागितलेल्या जाहिराती टपाटप उघडायच्या. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

२००८च्या उन्हाळ्यात देवांगची आई आली, अहिल्याबाई. नागपूरजवळच्या उमरेडची बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलेली, ती अजून बोट ठेवून वाचायची. सहा महिन्यांसाठी आली होती. मुलगी सुवर्णा नागपुरात नोकरीला. तिला दर रविवारी, मशीनमध्ये कपडे फिरत असताना, माझ्यावरून मेल जायची. आई सांगणार, देवांग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणार.

आणि इथंच गोम होती. आई म्हणायची, "लिही, मले इथं करमत नाही." देवांग लिहायचा, आई मजेत आहे. आई म्हणायची, "लिही, दिवाळीच्या आत घरी येतो." देवांग लिहायचा, आईचं अजून काही ठरलं नाही. खोटं बोलायची हौस नव्हती हो त्याला. तो नुकताच इथला नागरिक झाला होता, आईचं ग्रीन कार्ड करायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. उमरेडला एकटी पडून पाय मोडला तर, ही धास्ती. पण आईला विचारलं मात्र नव्हतं. फोन करावा तर तो स्पीकरवर, सगळे भोवती बसलेले. तिथं बाई काय बोलणार?

ऑगस्टात त्याने माझ्यावरूनच लिहिलं, "सुवर्णा, एक तारखेपासून उमरेडचं घर भाड्याने देऊन टाक. आई हो म्हणाली आहे." आई शेजारी कोथिंबीर निवडत होती. तिने विचारलं, "काय लिहिलंस?" तो म्हणाला, "तब्येत चांगली आहे म्हणून." मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो.

दोन दिवसांनी सुवर्णाचा फोन आला, तेव्हा देवांग ऑफिसात होता. आईने वर उचलला. घर भाड्याने द्यायचंय एवढं ऐकलं आणि लाइन तुटली, परत लावायला तिला येत नव्हतं. खाली आली ती चेहरा घट्ट करून. कपडे मशीनमध्ये टाकणाऱ्या प्रीताला एवढंच म्हणाली, "पोरी, या डब्यावर लिहायला शिकायला किती दिवस लागतात?"

प्रीता हसली. "आई, हा डबा शनिवारी रिसायकलिंगला चाललाय. आणि याला इंग्रजीशिवाय काही येत नाही."

"मग शनिवारच्या आत शिकव त्याला."

आता प्रीताच्या ऑफिसात एकाने तिला एक सीडी दिलेली होती. फुकट मिळणारी, कुणीही घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी अशी, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ती काढून आणली. देवांग जिन्यावरून ओरडला, "अगं यार, डेड मशीनवर टाइम कशाला वेस्ट करतेस? फुकटच्या सॉफ्टवेअरला सपोर्ट कोण देणार?"

"जे वापरतात तेच," प्रीता म्हणाली.

आईने विचारलं, "फुकट म्हणजे? केलं कोणी?"

"जगभरच्या लोकांनी, आई. ज्याला जे येतं ते त्याने केलं."

"म्हणजे भंडारा," आई म्हणाली. "कोणी भाजी चिरते, कोणी पोळ्या लाटते, पंगतीत सारेच बसतात. मग नाव काऊन ठेवतोस रे त्याला?"

सीडी आत गेली. माझं जुनं सगळं पुसलं गेलं, व्हायरस, जाहिराती, सगळं. भीती वाटली, नाही म्हणत नाही. मग पडद्यावर भाषांची लांबच लांब यादी आली. आई पुढे वाकली, काचेवर बोट टेकवलं आणि अक्षर अक्षर जुळवत म्हणाली, "म... रा... ठी. अगं बाई, हे तर आपलंच आहे!"

त्या दिवशी मी मराठीत बोलायला लागलो. अर्धवट, अडखळत. काही शब्द तर असे पुस्तकी की प्रीताला डिक्शनरी लागली. आई म्हणाली, "संचयिका म्हणजे काय गं?" प्रीता म्हणाली, "फोल्डर." "मग असं सांग ना फोल्डर!" पण कचरापेटी तिला लगेच कळली. संध्याकाळी देवांग काहीतरी छापायला आला आणि पाच मिनिटं शोधत बसला. आईने बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, छपाई. एवढा शिकलास आणि वाचता येत नाही?" तो कागद घेऊन वर गेला. शनिवार आला, गेला. मी जागेवरच.

प्रीताने पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे करून माझ्या बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. जोडाक्षरासाठी आधी एका अक्षराचा पाय मोडायचा, मग दुसरं घ्यायचं. आईला ते फार झोंबलं. "बिचाऱ्याचा पाय मोडून पुढं जायचं?" म्हणायची आणि मोडायची. रोज दुपारी जेवण झालं की पदर खोचून माझ्यापुढे. एका बोटाने. पहिल्या दिवशी एक ओळ, दुसऱ्या दिवशी ती पुसून पुन्हा तीच. मान अवघडली तर उठून दोन फेऱ्या मारायची, पुन्हा बसायची. अशी चिकाटी मी कुणाची पाहिली नाही. देवांगला महिनाभर लिहायला जेवढा जीव लागत नसेल, तेवढा ती एका शब्दात ओतायची.

पाचव्या दिवशी पत्र पुरं झालं. चारच ओळी. "सुवर्णा, देवांग लिहितो ते माझं नाही. मी हो म्हटलं नाही. घर भाड्याने देउ नको. दिवाळीला मी येते." मग ती हात धुवायला गेली आणि पत्र तसंच उघडं राहिलं.

नेमका तेवढ्यात देवांग लवकर घरी आला. खाली उतरला, खुर्चीत बसला, वाचलं. पुन्हा वाचलं. माउसवर हात होता त्याचा. एका टिचकीत सगळं कचरापेटीत गेलं असतं, आणि मी काही करू शकलो नसतो.

आई दारात उभी राहिली. "वाचलंस?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच करत होतो गं."

"ठाऊक आहे. पण माझं भलं माझ्या तोंडून तरी निघू द्यायचं होतंस."

"तिथं तू पडलीस तर?"

"पडेन. तिथं पडले तर उठवायला चार घरचे येतात. इथं तुम्ही दोघं संध्याकाळी येता."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मग लहान पोरासारखा म्हणाला, "एक चूक आहे. 'देऊ' चुकलंय. दुरुस्त करू?"

"राहू दे. माझी चूक आहे ती. ऊठ तिथून."

तो उठला. आई बसली, नाकावर चष्मा ठीक केला, बोटाने शोधत शोधत 'पाठवा' वाचलं आणि दाबलं.

ऑक्टोबरात ती गेली. देवांगनेच विमानतळावर सोडलं. आता ती रविवारी सुवर्णाकडे जाऊन देवांगला लिहिते. तिच्या चार ओळी वाचायला देवांग तळघरात येतो, कारण त्याच्या लॅपटॉपवर मराठीचे नुसते चौकोन दिसतात. वाचताना ओठ हलतात त्याचे. त्यातला एक शब्दही तो बदलत नाही.

मी म्हातारा झालोय, पंखा आणखी धापा टाकतो. माझ्यानंतर दुसरा येईल, त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणाचं म्हणणं दुसराच कुणी लिहीत असेल, तर त्याला खुर्चीतून उठवा. आणि जिचं म्हणणं आहे तिला बसवा. वेळ लागेल. लागू द्या.